ठोक दराची किंमत: युरोपच्या संशोधन-निधी धोरणावर मत मांडणाऱ्या एका विद्यापीठाचे प्रकरण

हे प्रकरण उत्तर युरोपातील एका मध्यम आकाराच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे आहे. २०११ साली युरोपीय आयोगाने संशोधन आणि नवोपक्रमांच्या पुढील निधीविषयी सर्वांची मते मागवली. तेव्हा या विद्यापीठाने काय म्हणायचे ठरवले, ते कोणत्या वादातून ठरले आणि अखेरीस हाती काय आले, याची ही नोंद आहे. विद्यापीठाची, देशाची आणि संबंधित माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. धोरणाच्या तारखा, दर आणि रकमा मात्र सार्वजनिक दप्तरातल्या आहेत. त्या काळात मी विद्यापीठाच्या संशोधन-निधी कार्यालयात प्रकल्पांच्या हिशेबाचे काम पाहत होते. त्यामुळे जिथे माझे मत डोकावेल, तिथे ते एका हिशेबनीसाचे मत आहे असे समजावे.

पार्श्वभूमी

युरोपीय संघ संशोधनाला जो सामाईक निधी देतो, तो १९८४ पासून बहुवार्षिक आराखडा कार्यक्रमांतून दिला जातो. २००७ ते २०१३ या काळात सातवा कार्यक्रम चालू होता आणि त्याची एकूण रक्कम ५० अब्ज युरोंच्या पुढे होती. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती या एकूण रकमेची. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष किती पैसा पोहोचतो हे मात्र दुसऱ्याच एका गोष्टीवर ठरते: कोणता खर्च मोजायचा, आणि मोजलेल्या खर्चाचा किती हिस्सा परत करायचा.

सातव्या कार्यक्रमात विद्यापीठे, सार्वजनिक संशोधन संस्था आणि लहान उद्योग यांना संशोधनाच्या कामासाठी पात्र खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि मोठ्या कंपन्यांना ५० टक्क्यांपर्यंत परतावा मिळत असे. पात्र खर्चाचे दोन भाग होते. रसायने, उपकरणे, प्रवास आणि प्रकल्पावर काम करणाऱ्यांचे पगार हा थेट खर्च. इमारत, वीज, ग्रंथालय, संगणक-जाळे, पगारपत्रके काढणारा विभाग हा अप्रत्यक्ष खर्च. हा दुसरा खर्च मोजण्याच्या वाटाही एकाहून अधिक होत्या. ज्यांच्या हिशेबपद्धतीत तो प्रकल्पवार वेगळा काढता येत असे, त्यांनी प्रत्यक्ष आकडा द्यावा. ज्या विद्यापीठांना किंवा लहान उद्योगांना ते जमत नसे, त्यांनी थेट खर्चाच्या ६० टक्के ठोक दर, म्हणजे प्रत्यक्ष खर्च न मोजता सरसकट ठरलेली टक्केवारी, लावावा. याशिवाय सर्वांसाठी २० टक्क्यांचा ठोक दरही खुला होता. यातली एक अट फार जणांच्या लक्षात येत नसे. एकदा प्रत्यक्ष आकड्याची वाट धरली की पुन्हा ठोक दराकडे वळता येत नसे.

आमच्या विद्यापीठाने ती वाट धरली होती, आणि ती सोपी नव्हती. सुरुवातीच्या काही महिन्यांत विद्यार्थी-सहायक मोजपट्ट्या घेऊन इमारतीतल्या खोल्या मोजत फिरत होते, कारण भाडे आणि उष्णतेचा खर्च चौरस मीटरवर वाटायचा होता. तळघरातल्या एका शीतखोलीचा खर्च रसायनशास्त्राच्या खात्यावर टाकायचा की जीवतंत्रज्ञानाच्या, यावर तीन बैठका झाल्या. अखेर दारावर चिकटवलेल्या कागदावर कोण किती नमुने ठेवतो याची नोंद सुरू झाली आणि त्या कागदावरून खर्चाची वाटणी ठरू लागली. अशा शेकडो लहान निर्णयांतून आमचा अप्रत्यक्ष खर्चाचा दर तयार झाला होता, आणि तो ६० टक्क्यांच्या बराच वर होता.

याच काळात संशोधकांचा संताप वेगळ्या कारणाने वाढत होता. २०१० मध्ये १३,००० हून अधिक संशोधकांनी एका आवाहनावर सह्या करून ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ अशी मागणी केली. तिच्या मुळाशी टाइमशीट होती. दिवसाचे तास प्रकल्पवार लिहायचे, महिनाअखेरीस सही करायची, वरिष्ठांची सही घ्यायची आणि ही कागदपत्रे वर्षानुवर्षे जपायची. आमच्याकडे एका लेखापरीक्षकाने धातुशास्त्राच्या एका प्राध्यापकांची टाइमशीट काढली. त्यात मे महिन्यातल्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, साडेसात तास लिहिले होते. प्राध्यापक म्हणाले, त्या दिवशी ते खरोखरच भट्टीपाशी होते, कारण भट्टी सुट्टी पाळत नाही. लेखापरीक्षक म्हणाले, सुट्टीच्या दिवशी कामाची परवानगी दिल्याचे पत्र दाखवा. पत्र नव्हते. ही एक नोंद तेवढ्यावरच राहिली असती तर काही बिघडले नसते. पण चूक ‘पद्धतशीर’ ठरली तर ती त्या संस्थेच्या तपासणी न झालेल्या इतर प्रकल्पांनाही लावून वसुली काढली जात असे. आमच्या कार्यालयाने पुढचे दोन महिने बाकी सगळ्या टाइमशीट आणि सुट्ट्यांचे कॅलेंडर शेजारी ठेवून ताडून पाहण्यात घालवले.

अडचण

९ फेब्रुवारी २०११ रोजी आयोगाने पुढच्या निधीविषयी ग्रीन पेपर, म्हणजे चर्चेसाठीचा मसुदा, प्रसिद्ध केला. त्या वेळी संशोधन खात्याच्या आयुक्त मॉइरा गेगन-क्विन होत्या. उत्तरे पाठवण्याची मुदत २० मे होती. मसुद्यात प्रश्नांची मोठी यादी होती. त्यात समाजापुढची आव्हाने, उद्योगांचा सहभाग, युरोपीय संशोधन परिषद, पायाभूत सुविधा, युरोपबाहेरच्या देशांशी सहकार्य असे सगळे होते आणि नियम सोपे कसे करावेत हाही प्रश्न होता.

आमची अडचण या शेवटच्या प्रश्नात होती. विद्यापीठातल्या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढत होत्या. प्राध्यापकांना टाइमशीट नकोत, तपासण्या नकोत, एकच साधा दर हवा. वित्त विभागाला मात्र प्रत्यक्ष खर्च मोजण्याची पद्धत टिकवायची होती, कारण तिच्यावर कष्ट आणि पैसा दोन्ही ओतले होते आणि तिच्यातूनच इमारतींचा खरा खर्च वसूल होत होता. ‘नियम सोपे करा’ या वाक्यावर दोघेही एकाच दमात सही करायला तयार होते. पण प्राध्यापकांच्या लेखी ‘सोपे’ म्हणजे कमी कागद, आणि वित्त विभागाच्या लेखी ‘सोपे’ म्हणजे आयोगाने आमची नेहमीची हिशेबपद्धत जशीच्या तशी मान्य करावी. ग्यानबाची मेख इथेच होती, आणि पहिल्या दोन बैठकांत ती कोणालाच दिसली नाही, मलाही नाही.

समोर असलेले पर्याय

संशोधन विभागाच्या उपकुलगुरूंनी सहा जणांची समिती नेमली. तिच्यापुढे चार पर्याय आले.

पहिला पर्याय असा की दोन्ही वाटा जशा आहेत तशा ठेवाव्यात आणि फक्त तपासणीच्या अटी सैल कराव्यात. वित्त विभागाला हेच हवे होते. आयोगाने जानेवारी २०११ मध्येच चालू कार्यक्रमासाठी काही सवलती दिल्या होत्या आणि सरासरी पगाराच्या आधारे खर्च दाखवण्याची सोय वाढवली होती, त्यामुळे ही दिशा अशक्य वाटत नव्हती.

दुसरा पर्याय सर्वांसाठी एकच ठोक दर मान्य करण्याचा, पण तो चांगला उंच मागण्याचा. यावर स्थापत्य विभागाच्या अधिष्ठात्यांनी जो आक्षेप घेतला तो मला आजही त्या बैठकीतला सर्वात समजूतदार मुद्दा वाटतो. त्यांचे म्हणणे असे होते की थैली ठरलेली आहे. प्रत्येक प्रकल्पाला जास्त पैसे मागितले तर प्रकल्पांची संख्या घटेल, म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे अर्ज नामंजूर होतील. तेव्हा ‘उंच दर’ मागताना आपण कोणाच्या खिशातून मागतो आहोत हे तरी स्पष्ट असावे. यावर उत्तर कोणाकडेच नव्हते, म्हणून विषय बदलला गेला.

तिसरा पर्याय निवडीचा होता: ज्याला प्रत्यक्ष आकडा देता येतो त्याने तो द्यावा, बाकीच्यांनी ठोक दर घ्यावा. कागदावर हा सर्वात न्याय्य दिसतो. त्याची दुसरी बाजू अशी की निवड ठेवली की दोन पद्धती, दोन प्रकारचे मार्गदर्शन आणि दोन प्रकारची तपासणी ठेवावी लागते. शिवाय ज्याला ज्यात जास्त मिळेल तो ते निवडणार, म्हणजे आयोगाचा खर्च वाढणार. आयोगाच्या जागी बसून पाहिले असते तर हा पर्याय त्याला का नको असेल हे आम्हाला आधीच कळले असते.

चौथा पर्याय एका तरुण प्रकल्प-व्यवस्थापकाने मांडला. खर्च मोजूच नये, कामाचे टप्पे ठरवावेत आणि टप्पा पूर्ण झाला की ठरलेली ठोक रक्कम द्यावी, असे त्याचे म्हणणे होते. समितीने दहा मिनिटांत हा पर्याय बाजूला ठेवला. संशोधनात टप्पा ‘पूर्ण’ झाला हे कोण ठरवणार, हा प्रश्न एकदा विचारला गेला आणि पुढे कोणी बोलले नाही. इतिवृत्तात त्याच्यासाठी एक ओळ आहे.

निर्णय आणि कृती

एप्रिलच्या मध्याला समितीने तिसरा पर्याय स्वीकारला. भूमिका अशी ठरली की ठोक दराला विरोध नाही, पण प्रत्यक्ष खर्चाचा पर्याय खुला राहिला पाहिजे आणि संस्थेची नेहमीची हिशेबपद्धत मान्य झाली पाहिजे. युरोपीय विद्यापीठ संघटनेचे म्हणणेही याच दिशेचे होते, त्यामुळे आपण एकटे नाही हा दिलासा होता.

यानंतरच्या दोन निर्णयांनी उत्तराचे वजन ठरवले.

पहिला निर्णय आकड्यांबद्दल होता. मी उत्तराला जोडण्यासाठी एक पान तयार केले होते. आमच्या दहा संपलेल्या प्रकल्पांत थेट खर्च किती, प्रत्यक्ष अप्रत्यक्ष खर्च किती आणि वेगवेगळ्या ठोक दरांना विद्यापीठाच्या गळ्यात किती येईल, एवढेच त्यात होते. वित्तप्रमुखांनी ते पान काढून टाकायला सांगितले. त्यांची भीती निराधार नव्हती. उत्तरे सार्वजनिक होणार होती. आमचा खरा दर उघड झाला असता तर ज्या कंपन्यांशी आम्ही करार करत होतो त्या घासाघीस करायला बसल्या असत्या, आणि देशाच्या शिक्षण मंत्रालयानेही ‘एवढा खर्च का होतो’ म्हणून विचारणा केली असती. उपकुलगुरूंनी त्यांची बाजू घेतली. परिणामी आमच्या सात पानी उत्तरात तत्त्वे होती, कळकळ होती, ‘शाश्वत’ हा शब्द अकरा वेळा होता आणि खर्चाचा एकही आकडा नव्हता.

दुसरा निर्णय खरे तर निर्णय म्हणून घेतलाच गेला नाही. युरोपबाहेरच्या देशांशी सहकार्य कसे असावे हा प्रश्न यादीत शेवटाकडे होता. सातव्या कार्यक्रमात भारतातल्या संस्थांना युरोपीय भागीदारांबरोबर निधी मिळू शकत असे, आणि सांडपाणी-प्रक्रियेवरच्या आमच्या एका प्रकल्पात पुण्यातली एक संशोधन संस्था भागीदार होती. मी मूळची पुण्याची, त्यामुळे त्या संस्थेशी हिशेबाचा पत्रव्यवहार माझ्याकडेच होता. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही मुदतीच्या आदल्या दिवशी लिहिले. दोनच वाक्ये होती: सहकार्य महत्त्वाचे आहे आणि ते परस्पर लाभाचे असावे. समितीच्या कोणत्याही बैठकीत त्यावर चर्चा झाली नाही. मीही ती उपस्थित केली नाही.

उत्तर मुदतीत गेले. देशातल्या कुलगुरूंच्या मंडळानेही साधारण त्याच आशयाचे पत्र पाठवले. नव्या कार्यक्रमाचे नाव मात्र खुल्या स्पर्धेतून ठरले: होरायझन २०२०. त्या वर्षी आमच्या कार्यालयात चहाच्या वेळी या नावावर जितकी चर्चा झाली तितकी परताव्याच्या दरावर झाली नसेल.

पुढे काय झाले

३० नोव्हेंबर २०११ रोजी आयोगाने होरायझन २०२० चा प्रस्ताव मांडला. एकूण रक्कम सुमारे ८० अब्ज युरो होती. नियम मात्र आमच्या अपेक्षेपेक्षा फारच सपाट होते. थेट खर्चाचा १०० टक्के परतावा, बाजारपेठेच्या जवळच्या कामाला ७० टक्के, आणि अप्रत्यक्ष खर्चासाठी सर्वांना एकच २० टक्के ठोक दर. प्रत्यक्ष आकड्याची वाट बंद.

पुढची दीड वर्षे सदस्य देशांची मंत्रिपरिषद, युरोपीय संसद आणि आयोग यांच्यात रस्सीखेच चालली. संसदेतून, विशेषतः सहभागाच्या नियमांचे काम पाहणारे जर्मन सदस्य ख्रिस्टियान एलर यांच्याकडून, प्रत्यक्ष खर्चाचा पर्याय ठेवण्याचा आग्रह होता. संशोधन-तंत्रज्ञान संस्थांची युरोपीय संघटनाही त्यासाठी जोर लावत होती. अनेक सदस्य देशांना मात्र एकच सोपा दर हवा होता, कारण त्यांच्या विद्यापीठांत प्रकल्पवार हिशेबपद्धतच उभी राहिली नव्हती. जून २०१३ मध्ये तडजोड झाली. ठोक दर २५ टक्क्यांवर आला, १०० आणि ७० टक्क्यांची रचना राहिली आणि प्रत्यक्ष खर्चाचा पर्याय गेला. तो मागणाऱ्यांसाठी एक खिडकी उघडी ठेवली: ज्या संस्थेच्या मोठ्या संशोधन सुविधांचे मोल किमान २ कोटी युरो असेल आणि ते तिच्या एकूण स्थिर मालमत्तेच्या किमान ७५ टक्के असेल, तिला त्या सुविधांचा खर्च वेगळ्या पद्धतीने दाखवता येईल. शेकडो वर्गखोल्या आणि वसतिगृहे असलेले विद्यापीठ त्या ७५ टक्क्यांच्या जवळपासही जाऊ शकत नव्हते.

या दरांचा अर्थ एका साध्या उदाहरणाने कळतो. थेट खर्च १०० युरो धरा. जुन्या नियमात ६० टक्के ठोक दर घेणाऱ्या विद्यापीठाचा एकूण पात्र खर्च १६० आणि ७५ टक्के परतावा म्हणजे १२० युरो. नव्या नियमात १०० अधिक २५, म्हणजे १२५ युरो. त्याला पाच युरो जास्त मिळाले आणि कागदही कमी झाला. आता प्रत्यक्ष अप्रत्यक्ष खर्च ९० असलेले विद्यापीठ घ्या. जुन्या नियमात १९० चे ७५ टक्के म्हणजे १४२.५० युरो. नव्या नियमात तेच १२५. साडेसतरा युरोंची घट. समतोल बिंदू ६६ आणि ६७ टक्क्यांच्या मध्ये येतो. ज्याचा खरा अप्रत्यक्ष खर्च थेट खर्चाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक, तो हरला. त्याहून कमी असलेला जिंकला. मोठ्या कंपन्यांचा हिशेब तर आणखी बोलका आहे. त्यांना पूर्वी ५० टक्के मिळत असल्यामुळे अप्रत्यक्ष खर्च थेट खर्चाच्या दीडपट होईपर्यंत संशोधन प्रकल्पांत नवा नियम त्यांच्या फायद्याचा होता.

म्हणजे सोपेपणासाठीचे पैसे कोणीतरी मोजलेच, आणि ज्यांनी खोल्या मोजून खरा खर्च शोधून काढला होता त्यांनीच ते मोजले. मला हे अन्यायाचे वाटले, अजूनही वाटते. पण आयोगाची बाजू खोटी नव्हती. युरोपीय लेखा न्यायालय, म्हणजे संघाच्या खर्चाची तपासणी करणारी संस्था, सातव्या कार्यक्रमाच्या देयकांतील चुकांचे प्रमाण दरवर्षी २ टक्क्यांच्या सहनसीमेच्या वर असल्याचे सांगत होते, आणि ठोक दरात अप्रत्यक्ष खर्चाची चूक व्हायला जागाच उरत नाही.

प्राध्यापकांना जे हवे होते त्यातले बरेच मिळाले. पूर्णवेळ एकाच प्रकल्पावर काम करणाऱ्याला टाइमशीटऐवजी एक घोषणापत्र पुरू लागले. वसूल न होणारा मूल्यवर्धित कर पात्र ठरला. अर्जाच्या मुदतीपासून करारावर सही होईपर्यंतचा काळ आठ महिन्यांवर आणण्याचे बंधन आले. ही खरी सुधारणा होती, आणि वित्त विभागाच्या रागात ती आमच्याकडे पुरेशी मोजली गेली नाही.

एकूण रकमेचे काय झाले? चालू किमतींत सुमारे ७७ अब्ज युरो मंजूर झाले. २०१५ मध्ये गुंतवणुकीच्या नव्या युरोपीय निधीसाठी त्यातले २.२ अब्ज काढले गेले. अर्जांचा पूर इतका आला की यशाचे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास घसरले. अधिष्ठात्यांची ‘थैली ठरलेली आहे’ ही आठवण तेव्हा समितीतल्या बऱ्याच जणांना झाली.

पुण्याची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. होरायझन २०२० मध्ये भारत, चीन, ब्राझील, रशिया आणि मेक्सिको या देशांच्या संस्थांना आपोआप मिळणारा निधी थांबला. सहभागी होता येई, पण पैसे स्वतःचे आणावे लागत. भागीदार अत्यावश्यक आहे असे मूल्यमापनात पटले तरच अपवाद. २०१४ मध्ये त्याच पाण्याच्या विषयावर नवा अर्ज करताना मी खर्चाचा तक्ता पुण्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी तिथल्या लेखा अधिकाऱ्यांचा फोन आला. “मॅडम, आमच्या नावासमोर शून्य आलंय. टंकलेखनाची चूक आहे का?” मी म्हटले, “नाही हो सर, नियम बदललाय.” थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे नमुने आम्ही गोळा करायचे, तपासायचे, अहवाल द्यायचे, आणि पैसे मात्र आमचे आम्ही बघायचे, असंच ना?” असेच होते. आम्ही त्यांना अत्यावश्यक ठरवण्याचा प्रयत्न केला, पण तोवर अर्जाची मुदत जवळ आली होती आणि प्रकल्प-समन्वयक धोका पत्करायला तयार नव्हते. अर्ज पुण्याशिवाय गेला. पुढे भारत सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी काही निवडक विषयांसाठी सहनिधीची सोय केली, पण त्या पहिल्या वर्षांत तशी वाट नव्हती.

विद्यापीठाने तूट कशी भरली

हा भाग फार विस्ताराने सांगण्यासारखा नाही. काही तूट विद्यापीठाने स्वतःच्या मूळ अनुदानातून भरली, म्हणजे शेवटी ती देशाच्या करदात्याने भरली. काही विभागांना युरोपीय प्रकल्प घेण्याआधी परवानगी घ्यावी लागेल असा नियम झाला आणि वर्षभरात तो शांतपणे विसरला गेला. उपयोगी पडली ती एकच गोष्ट: आधी अप्रत्यक्ष समजला जाणारा जो खर्च मोजता येण्यासारखा होता, तो थेट खर्चात आणणे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला वापराचे घड्याळ लावले, शीतखोलीच्या दारावरचा कागद संगणकातल्या नोंदवहीत गेला. सुरुवातीला अशा अंतर्गत बिलांना आयोगाचे नियम फार जागा देत नव्हते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ती थोडी मोकळी झाली. खोल्या मोजण्याचे जुने कष्ट वाया गेले नाहीत, एवढे यातून म्हणता येईल.

वेगळे काय करता आले असते

सर्वात आधी आकड्यांचा निर्णय. वित्तप्रमुखांची भीती खरी असली तरी ‘नाव देऊन आकडे’ आणि ‘आकडेच नकोत’ यांच्या मध्ये एक वाट होती आणि ती आम्ही शोधली नाही. दहा-बारा विद्यापीठांचे आकडे नावाशिवाय एकत्र करून दिले असते तर कोणाचेही गुपित फुटले नसते आणि समतोल बिंदू कुठे येतो हे वाटाघाटी सुरू होण्याआधीच मांडता आले असते. तत्त्वांवर लिहिलेली शेकडो पत्रे आयोगाकडे होतीच, आणि आमचे सात पानी पत्र त्यांच्यातच जाऊन बसले.

दुसरे, आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत हे आम्ही तपासले नाही. उत्तरात ‘युरोपीय विद्यापीठे’ असे आम्ही सर्रास लिहिले होते. प्रत्यक्षात युरोपातल्या कितीतरी विद्यापीठांना ठोक दरच फायद्याचा होता. दक्षिणेकडच्या आमच्या एका भागीदार विद्यापीठातल्या समपदस्थ बाईंनी नंतर मला सरळ सांगितले की आमचे पत्र वाचून त्यांना वाटले, हे श्रीमंतांचे दुखणे आहे. त्यांच्याशी आधी बोललो असतो तर कदाचित दुसरी मागणी सुचली असती: ठोक दर सर्वांना, पण जड प्रयोगशाळा लागणाऱ्या विषयांसाठी तो वेगळा. अशी मागणी मंत्रिपरिषदेत टिकली असती की नाही हे सांगता येत नाही, पण ती हिशेबपद्धतीवर नव्हे तर कामाच्या स्वरूपावर उभी राहिली असती, आणि त्यामुळे तिला दक्षिणेतूनही पाठिंबा मिळण्याची शक्यता होती.

पुण्याच्या बाबतीत मला स्वतःला दोष द्यावा लागतो. तो प्रश्न यादीत होता आणि उत्तर द्यायला माझ्याइतकी योग्य व्यक्ती समितीच्या आसपास दुसरी नव्हती. सातव्या कार्यक्रमात त्या संस्थेने नेमके काय काम केले होते, ते युरोपात का होऊ शकले नसते आणि त्यासाठी किती थोडा पैसा लागला, हे एका परिच्छेदात लिहिता आले असते. धोरण त्याने बदलले असते असा दावा मी करत नाही. ‘परस्पर लाभ’ हा शब्द तेव्हा ब्रुसेल्समध्ये वाढत्या अर्थव्यवस्थांनी आपला वाटा स्वतः उचलावा या अर्थाने वापरला जात होता, आणि आम्ही तोच शब्द भाबडेपणाने परत पाठवला.

आणि चौथा पर्याय. दहा मिनिटांत बाजूला ठेवलेली ठोक रक्कम २०१८ पासून होरायझन २०२० मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०२१ ते २०२७ च्या होरायझन युरोपमध्ये तिचा वापर वाढत गेला. टप्पा पूर्ण झाला की रक्कम मिळते, खर्चाचा हिशेब आयोग मागत नाही, टाइमशीट नाही. टप्पा ‘पूर्ण’ झाला हे कोण ठरवणार, हा आमच्या समितीने टाकून दिलेला प्रश्न आज प्रत्येक करारात येतो. २०११ मध्ये त्यावर दहा मिनिटांऐवजी दहा पाने लिहिली असती तर त्याची उत्तरे ठरत असताना आमचे म्हणणे आधीच कागदावर असते.

सध्याची स्थिती

पुढच्या, म्हणजे दहाव्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली तेव्हा कार्यालयाने पद्धत बदलली. २०२२ च्या डिसेंबरात आयोगाने पुन्हा मते मागवली. त्या वेळी उत्तराचा मसुदा लिहिण्याआधी निरनिराळ्या देशांतल्या भागीदार विद्यापीठांच्या हिशेबनीसांना एकच तक्ता पाठवला गेला. त्यात विद्यापीठाच्या नावाऐवजी फक्त क्रमांक होता, आणि ठोक रकमेच्या प्रकल्पात एखादा टप्पा अर्धवट राहिला तर किती रक्कम अडकते हा त्यातला पहिला रकाना होता. उत्तर साडेतीन पानांचे झाले.

एकूण रकमेवरचा गाजावाजा या वेळीही मोठा आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत संघाच्या अर्थसंकल्पाच्या मध्यावधी फेरबदलात होरायझन युरोपमधून २.१ अब्ज युरो कमी झाले. त्याच वर्षी युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरील मारिओ द्रागी यांच्या अहवालाने पुढच्या कार्यक्रमासाठी २०० अब्ज युरो सुचवले आणि मॅन्युएल हेतोर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २२० अब्ज. १६ जुलै २०२५ रोजी आयोगाने २०२८ ते २०३४ साठी १७५ अब्जांचा प्रस्ताव ठेवला आणि त्यात ठोक रकमेवरचा भरही वाढवला.

त्या दिवशी कार्यालयात सगळे १७५ या आकड्यावर बोलत होते. मी नियमांचा मसुदा उघडून दोन गोष्टी शोधत होते: टप्पा अपुरा राहिल्यास रक्कम कशी कापली जाईल हे कलम, आणि युरोपबाहेरच्या संस्थांच्या पात्रतेचे कलम. दुसऱ्याची प्रत मी त्याच संध्याकाळी पुण्याला पाठवली.